डाव्या कुलपातली काडी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी पहिला फोन केला तो वकिलांना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा उगीच चांगला ग्रह व्हायला नको. मार्केट यार्डातल्या आमच्या गुळाच्या गाळ्यासमोर मी साडेसहापासून उभी होते. शटरला दोन कुलपं. डावं माझं, उजवं माझ्या धाकट्या दिरांचं, दत्ताभाऊजींचं. माझं मी उघडून मोकळी झाले होते. उजवं तसंच लटकत होतं. गुळाची गाडी येऊन लागली होती, हमाल चहा पिऊन बसले होते आणि भाऊजींचा पत्ता नव्हता. अकरा वर्षांत हा माणूस माझ्यानंतर एकदाही आला नव्हता. साहजिकच माझ्या मनात आलं, यात काहीतरी डाव आहे. आज कोर्टात गुपचूप अर्ज टाकतायत, नाहीतर समोरच्या गाळ्यातून कुणाला तरी फोटो काढायला बसवलंय. मी वैतागून त्यांच्या कुलपाला हात लावीन की झालाच पंचनामा. म्हणून मी चार पावलं मागं सरकले आणि वकिलांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "कुलपाला हात लावू नका. वाट बघा आणि वेळ लिहून ठेवा." पिशवीत औषधाच्या दुकानाची पावती होती, तिच्या पाठीवर मी वेळ लिहिली. साडेसातला हमालांचा मुकादम बबन जवळ आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, भाऊ गेले. कोथरूडवरनं फोन हाय..." पहाटे साडेपाचला, गाळ्यावर यायला निघताना, पायात चप्पल सरकवता सरकवता त्यांना झटका आला होता. मी वेळ लिहीत होते तेव्हा त्यांना जाऊन तास उलटून गेला होता. ती पावती अजून माझ्याकडे आहे. टाकवत नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायची या पुरवणीत रीत आहे, आणि माणूस गेला की तो अचानक फार दिलदार होतो, हेही मी वाचून वाचून शिकले आहे. मी तशी लिहिणारी नाही. मी या माणसावर अकरा वर्षं दिवाणी दावा चालवला. त्यात वकिलांच्या हातून लिहून घेतलं की, यांनी माझ्या नवऱ्याची खोटी सही केली आणि माझा निम्मा हिस्सा गिळला. हे मी मनापासून मानत होते. नुसतं मानत नव्हते, त्यावर जगत होते. त्यामुळे माझं लिहिणं कुणाला गोड लागलं नाही तर त्यांनी दुसऱ्या पानावर जावं.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी अकरावीत होते. बारीक, काळेसावळे, कानाच्या पाळ्या मोठ्या. घरात मला पहिल्यांदा हसवलं ते त्यांनी. सासूबाईंच्या धाकात मी कोपऱ्यात बसलेली असायची; हे महाराज येऊन गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "वहिनी, आमच्या घरात श्वास घ्यायला परवानगी लागत नाही, कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" पुढे दोघा भावांनी गुळाचा धंदा करायचं ठरवलं. भाऊजींना गुळाचं वेडच होतं. ढेपेवर नख मारायचे, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा नदीकाठचा, हा माळावरचा, याच्यात रंगासाठी काहीतरी घातलंय. गाळा घ्यायला पैसे कमी पडले, तेव्हा मांजरी गावातली माझ्या माहेरची जमीन नुकतीच विकली गेली होती. माझ्या भावांनी तोंडं वाकडी करत का होईना, माझा वाटा मला दिला होता. तो मी गाळ्यात घातला. म्हणजे निम्मा गाळा माझ्या माहेरच्या जमिनीचा. कागद मात्र झाला दोघा भावांच्या नावानं, "बायकांची नावं कशाला त्या भानगडीत" म्हणून. त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटलं. आता वाटतं, कागद करणाऱ्यापेक्षा मीच मूर्ख होते.

दोन कुलपांची पद्धत सासूबाईंची. त्या म्हणायच्या, "एकानं उघडलेलं दुकान हळूहळू एकाचंच होतं." म्हणून शटरला डावीकडे थोरल्याचं कुलूप आणि उजवीकडे धाकट्याचं. दोघं आल्याशिवाय गाळा उघडायचा नाही. शटर जुनं आणि जड, एका हातानं उचललं तर तिरकं होऊन अडकायचं. दोघांनी दोन बाजूंना हात घालायचे, भाऊजी घसा साफ केल्यासारखं "हं" म्हणायचे आणि दोघं एकदम उचलायचे. यार्डात लोक हसायचे. कुणाला लग्नाला जायचं असलं तर दुसऱ्याचीही सुट्टी! पण दोघांनी ती पद्धत मोडली नाही. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली की दोन्ही कुलपांना हळदकुंकू लागायचं, डाव्याला माझ्या हातचं, उजव्याला माझ्या जावेच्या, सुनंदाच्या हातचं.

मग आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, पण उजवा हात कापायचा आणि बोटांना स्पर्श कळेना. जुडग्यातली गाळ्याची किल्ली हाताला ओळखू येत नाही म्हणून चिडायचे. मी माझ्या हिरव्या इरकलीच्या काठाचा तुकडा कापून त्या किल्लीला बांधला, तीन गाठी मारून. "आता आंधळ्यालाही सापडेल," म्हटलं. चारपाच महिने ते रिक्षानं जात राहिले. मग संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे गुळाच्या ऐन गर्दीत, एके सकाळी म्हणाले, "माझी किल्ली सापडत नाही. आणि मला आता होतही नाही. देव्हाऱ्यात दुसरी आहे ती घे आणि तू जात जा. डावं कुलूप आपलं आहे." मी अख्खं घर पालथं घातलं, हिरव्या काठाची किल्ली मिळाली नाही. दवाखान्याच्या खेपांमध्ये कुठेतरी पडली असेल म्हणून सोडून दिली. देव्हाऱ्यातली किल्ली घेऊन मी यार्डात जायला लागले आणि दोन वर्षांत आडतीतलं बरंच काही शिकले. शिकवलं भाऊजींनीच. नख कसं मारायचं, ढेप ठोकून आवाज कसा ऐकायचा, लिलावात चेहरा कसा कोरा ठेवायचा. चेहरा कोरा ठेवायला त्यांनी मला इतकं छान शिकवलं की पुढे अकरा वर्षं मी तो त्यांच्यापुढेच ठेवला.

हे गेले. तेराव्याला आलेले पाहुणे परतले आणि महिन्याभरानं गाळ्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद माझ्या हातात पडला. त्यावर एकच नाव, भाऊजींचं. मी गाळ्यातच विचारलं, हमालांसमोर.

"हे काय आहे?"

"दादा भागीदारीतून निवृत्त झाला होता, वहिनी. सही आहे त्याची."

"केव्हा?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"दादा म्हणाला, तिला सांगू नकोस."

"असं होय! मग खात्री करायला आता मी वर जाऊन विचारून येऊ का?"

ते ढेपेवरचं गोणपाट नीट करत राहिले. मग म्हणाले, "तुमचं कुलूप तुमचंच आहे, वहिनी. रोज या. उघडा." मी मनात म्हटलं, बघा कसं गोड बोलतोय, शेवटी गुळाचा व्यापारी. मेलेला माणूस साक्षीला फार सोयीचा असतो, उलटतपासणी होत नाही त्याची. त्याच आठवड्यात मी वकील गाठला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी नव्हते, मी चिडलेली होते.

आता एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. आमचे हे एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि त्या मित्राचा धंदा बुडाला होता, हे मला यांच्यामागं कपाट आवरताना कळलं होतं. नोटिसा शर्टांच्या घडीखाली लपवलेल्या. मी घर डोक्यावर घेईन म्हणून. (घेतलंच असतं.) मित्रानं पुढे शेत विकून ते मिटवलं. वकिलांना मी त्या नोटिसा दाखवल्या तर ते म्हणाले, "ही भानगड आपण काढायची नाही. जप्ती येईल या भीतीनं तुमच्या मिस्टरांनीच स्वतःचं नाव काढून घेतलं, असं समोरचा म्हणेल." मी नोटिसा परत शर्टांखाली ठेवल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही, कळलं होतं. पण ते मान्य करायचं तर माझ्या नवऱ्यानं माझ्या माहेरच्या पैशाचा हिस्सा मला न विचारता सोडून दिला आणि दोन वर्षं एका ताटात जेवताना तोंड उघडलं नाही, हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा दीर लबाड निघालेला परवडला.

कोर्टानं 'जैसे थे'चा हुकूम दिला. म्हणजे धंदा चालू ठेवायचा, दोघांनी कशालाच धक्का लावायचा नाही. झालं, कुलपंही जैसे थे. रोज सकाळी साडेसहाला भाऊजी कोथरूडहून स्कूटरवर आलेले असायचे. शटरच्या उजव्या अंगाला पाठ लावून उभे. मी यायची, माझं कुलूप काढायची, ते त्यांचं काढायचे. दोघं वाकायचो. "हं." शटर वर. अकरा वर्षांत दिवसाची सुरुवात त्या एका "हं"नं व्हायची आणि बऱ्याचदा दिवसाचं सगळं बोलणं तेवढंच असायचं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मी रिक्षा करून आठ-साडेआठला पोचायची. लिलाव अर्धा उरकलेला असायचा, गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यावर गेलेलं असायचं, आणि हे आपले उजव्या अंगाला उभे. मी म्हणायची, करा नाटक, जगाला दाखवा बिचारा कसा ताटकळतोय ते.

संशयाला तर काही सुमारच नव्हता. मला वाटायचं, रात्री माझं कुलूप उघडून हे माल हलवतात. दुसरी किल्ली करून घेणं काय अवघड आहे? म्हणून मी एक युक्ती काढली. गाळा बंद करताना काडेपेटीतल्या काडीचा बारीक तुकडा कुलपाच्या किल्लीच्या भोकात आडवा बसवायची. कुणी किल्ली घातली की तो आत जाणार किंवा पडणार. रोज सकाळी आधी काडी बघायची, मग किल्ली लावायची. काडी रोज जागच्या जागी. तरी माझं समाधान नाही! मला वाटायचं, काढून परत लावत असतील. मग मी काडी कधी डावीकडे तिरकी करायची, कधी तिला नखानं चीर पाडायची. आणि मी समजत होते की हे कुणाला ठाऊक नाही. एका शनिवारी गाळा बंद करून मी शेजारच्या गाळ्यात गेले होते, बबन शटर धूत होता, आणि बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "पाणी जपून मार रे त्या बाजूला. वहिनींची काडी वाहून जाईल." माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे माहीत होतं तर! आणि माहीत असून बोलत नव्हते, म्हणजे नक्कीच यात काहीतरी... असं माझं डोकं चालायचं. गुळाला चिकटलेला मुंगळा तुटेल पण सुटणार नाही, तसा माझा संशय.

त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी गूळ जिभेला लावायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मला आधी जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गुळाच्या आडत्यानं चव घ्यायची नाही म्हणजे धंदा करायचा कसा? दुसऱ्या दिवशी लिलावाच्या आधी त्यांनी कागदावर गुळाचा खडा ठेवला आणि तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी खडा तोंडात टाकला आणि मान हलवली. त्यांनी माल घेतला. तेव्हापासून ज्या बाईनं आपल्यावर फसवणुकीचा दावा लावलाय, तिच्या मानेवर हा माणूस लाखाचा माल घ्यायचा. एकदा मी मुद्दाम, निव्वळ खोडसाळपणानं, चांगल्या मालाला नकार दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ढेपेकडे पाहिलं, आणि शेतकऱ्याला म्हणाले, "नाही जमायचं आज." तो माल शेजारच्यानं उचलला आणि बख्खळ कमावलं. त्यावरही मी घरी येऊन मुलीला फोनवर सांगितलं, "नुकसान झालं तर माझ्यावर ढकलायला बरं, म्हणून मला चाखायला लावतात." मुलगी म्हणाली, "आई, तू ऐकतेस का तू काय बोलतेस ते?" मी फोन ठेवून दिला.

शिवाजीनगरच्या कोर्टात त्यांची उलटतपासणी झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. माझ्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही एकटे मालक आहात म्हणता. मग डावं कुलूप यांच्याकडे कशाला?"

"सवय आहे."

"मालकाला स्वतःचं दुकान उघडायला दुसऱ्याची वाट बघायची सवय असते का?"

"आम्हाला आहे."

लोक हसले. त्यांच्या स्वतःच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला ते सगळं ठरवून केलेलं वाटलं, पढवलेला भोळेपणा. सहीच्या तज्ज्ञानं अहवाल दिला की सही कापऱ्या हाताची आहे, खरी की खोटी सांगता येत नाही. बाहेर व्हरांड्यात भाऊजी माझ्याजवळ आले. त्या दिवशी सुनंदानं डबा दिला होता, तो काखेत. म्हणाले, "वहिनी, दावा काढून घ्या. निम्मा गाळा मी तुमच्या नावावर करून देतो. उद्या." मी म्हटलं, "सही खोटी होती एवढं लिहून द्या, मग मला गाळाही नको." त्यांनी डब्याची कडी एकदा उघडली, परत लावली. म्हणाले, "ते नाही देणार." मी म्हटलं, "मग चालू दे केस." त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या जुन्या, अकरावीतल्या पोरासारखं, आणि म्हणाले, "चालू द्या. माझ्यावर चालतेय तोवर बरं आहे." काय हा माज! मी मागं न बघता पायऱ्या उतरले.

आणि मग ते गेले. मी गेले होते कोथरूडला. दारातल्या चपला कुणीतरी बाजूला सरकवल्या होत्या, एक सरळ, एक उलटी. सुनंदा मला बघून उठली नाही, पण तिनं सरकून सतरंजीवर जागा केली. मी बसले. अकरा वर्षांनी आम्ही जावा शेजारी बसलो. ती म्हणाली, "रोज घाई करायचे. वहिनी आधी पोचल्या तर त्यांना एकटीला उभं राहावं लागेल, म्हणायचे." मला तेव्हा रडू आलं नाही. मला वाटलं, ही मला ऐकवतेय.

दिवस झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी वकिलांचा फोन. आवाजात उत्साह. म्हणाले, "तीन महिन्यांच्या आत त्यांच्या वारसांची नावं दाव्यात लावून घेऊ, नाहीतर आपला दावा त्यांच्याबरोबरच जायचा. पण आता काळजी नाही. मुलाला काही माहीत नाही, बायको कोर्टात उभी राहणार नाही. खरा साक्षीदार गेला. आता आपलंच." वकील वाईट नाहीत, त्यांचं कामच ते. पण 'गेला' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू कुठली अडचण दूर झाली. मी म्हटलं, कळवते.

त्याच संध्याकाळी भाऊजींचा मुलगा ओंकार माझ्याकडे आला. आयटीत आहे, गाळ्यावर तो लहानपणी मुंग्या मारायला यायचा, त्यानंतर नाही. चहा घेतला नाही. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "काकू, बाबांच्या कीज. मला यातली कुठली कशाची काही आयडिया नाही. केसचं जे व्हायचं ते होऊ दे, पण गाळा असाच बंद राहिला तर हमालांचं कसं होणार? तुम्हीच उघडत जा तोवर." तो गेला. मी जुडगा उचलला. उजव्या कुलपाची किल्ली होती. गल्ल्याची होती. स्कूटरची होती. आणि एक होती, तिच्या गळ्यात कापडाचा तुकडा. मळून काळा झालेला, पण गाठीच्या आत, घडीत, हिरवा. तीन गाठी. मी मारलेल्या.

माझा पहिला विचार काय असावा? सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, सापडला चोर! म्हणजे माझ्या कुलपाची किल्ली यांच्याकडे होती. अकरा वर्षं होती. रात्री यायचे, खात्रीच. मी उठून उभी राहिले, वकिलांचा नंबर काढला... आणि मला काडी आठवली. तीन हजार सकाळी तरी मी ती काडी तपासली असेल. तिरकी लावलेली तिरकीच, चीर पाडलेली चिरलेलीच. मी स्वतः राखण केली होती, मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. त्या भोकात माझ्याशिवाय कुणाची किल्ली कधी गेली नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या महिन्यात, लिलाव हातचा जात असताना, हा माणूस खिशात माझी किल्ली घेऊन तासतास शटरला पाठ लावून उभा होता.

मग मी खाली बसले आणि बाकीचं सगळं एकामागून एक येत गेलं. ती किल्ली चोरलेली नव्हती. कुठे पडून त्यांना सापडलेलीही नव्हती. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ती 'सापडेना' झाली, आणि निवृत्तीच्या कागदावर तारीख त्याच आठवड्याची आहे. ती तारीख मी इतक्या वेळा वाचली आहे की झोपेतही सांगेन. आमच्या यांनी सही केली, किल्ली भावाच्या हातात ठेवली, घरी येऊन मला म्हणाले सापडत नाही, आणि देव्हाऱ्यातली देऊन मला पाठवलं. कागद भावाकडे, कुलूप बायकोकडे. एवढ्यावर सगळं सुरक्षित झालं, असं त्या दोघांना वाटलं. वकिलाला विचारलं नाही, मला विचारलं नाही. कुलपावर भरवसा ठेवणारी माणसं!

भाऊजींनी ही किल्ली कोर्टात टेबलावर ठेवली असती तर त्याच दिवशी मी हरले असते. त्यांना ती ठेवायची नव्हती. हिरव्या काठाची किल्ली बघितली की मला कळलं असतं ती कुणी दिली. मी भाऊजींवर खटला चालवत होते तोवर माझा नवरा माझ्या घरात, फोटोच्या चौकटीत, धुतल्या तांदळासारखा होता. 'माझ्यावर चालतेय तोवर बरं आहे.' मी त्याला माज म्हणाले होते. त्या रात्री मी रडले. भाऊजींसाठी रडले आणि यांच्यावर इतकी चिडले की फोटोकडे बघून मोठ्यानं बोलले. तीन दिवस त्या फोटोला फूल घातलं नाही. खरं सांगायचं तर राग भाऊजींवरही आहे. मला कुणी विचारलं होतं का, तुला काय झेपेल म्हणून? अकरा वर्षं मला अंधारात ठेवून यांनी माझ्यावर उपकार केले, आणि मला त्यांच्याशी नीट भांडूही दिलं नाही. पण राग असला तरी आठवण येते. गुळाचा खडा तोंडात टाकला की मान कुणाकडे बघून हलवायची, कळत नाही.

ती किल्ली आता जगात फक्त मला ओळखू येते. ओंकारला नाही, सुनंदाला नाही, वकिलांना नाही. गाठ सोडून तो तुकडा टाकला असता तर एक साधी किल्ली उरली असती आणि दावा मी जिंकले असते. दोन दिवस हा विचार माझ्या डोक्यात होता, हेही लिहून ठेवते. अकरा वर्षं मी भाऊजींवर ज्याचा संशय घेतला ते करायची संधी आयती माझ्या हातात आली होती. आता ही हकीगत छापून येईल तेव्हा वकीलसाहेबांचा फोन येईल. येऊ दे. वारसांची नावं मी लावणार नाही.

काल मी ओंकारला बोलावलं, सकाळी साडेसहाला. मी वेळेवर पोचले. दोन्ही किल्ल्या माझ्या पिशवीत होत्या, दोन्ही कुलपं उघडून आत जाऊन बसता आलं असतं. मी डावं उघडलं आणि शटरला पाठ लावून उभी राहिले. बबन दोनदा येऊन गेला. सात वाजता ओंकार आला, कानात काहीतरी घातलेलं, डोळे चोळत. "सॉरी काकू, ट्रॅफिक." पहाटे सहाला कोथरूडहून कसलं ट्रॅफिक, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी जुडगा त्याच्या हातात दिला, सगळाच. हिरव्या काठाची किल्ली वेगळी धरून तिची गोष्ट सांगितली, तिथंच, उभ्या उभ्या. तो ऐकत राहिला. कानातलं काढून खिशात टाकलं. मग म्हणाला, "पण मग आता गाळा कुणाचा, काकू?"

"कागदावर तुमचा."

"बाबांनी तर अर्धा देतो म्हटलं होतं ना तुम्हाला? आईनं सांगितलंय मला."

"ते नंतर बघू. उजवं कुलूप उघड आधी. तुझं आहे ते."

त्याला ते उघडायला वेळ लागला, किल्ली थोडी वर दाबून फिरवायला लागते, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग तो एकट्यानंच शटर ओढायला लागला, ते तिरकं झालं आणि अडकलं. मी म्हटलं, थांब, दोघांनी उचलायचं असतं. दोघं दोन बाजूंना वाकलो. माझे हात शटरखाली आणि मी वाट बघतेय... दर सकाळी मी ज्याची वाट बघायची त्याची. तो काही बोलेना. त्याला काय ठाऊक?

शेवटी मीच घसा साफ केला.

"हं."

"काय, काकू?"

"काही नाही," मी म्हटलं. "उचल."